अमॅडियस क्वार्टेटचं नेमकं काय उरलं?

व्हायोलिन शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे. ती म्हणते: अमॅडियस क्वार्टेटची (क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि एक चेलो वाजवणारे चौघं) जुनी रेकॉर्डिंग ऐकली. गोड आहेत, पण जुन्या वळणाची वाटली. सूर फार थरथरतो, पहिलं व्हायोलिन बाकीच्यांवर कुरघोडी करतं, आणि आजची क्वार्टेट याहून कितीतरी नेटकी वाजवतात. मग शिक्षक अजून त्यांचंच नाव का घेतात? आणि तेच चौघं चाळीस वर्षं एकत्र राहिले तरी कसे?

तुझ्या कानाने टिपलं ते खरं आहे, हे आधी सांगून टाकतो. नॉर्बर्ट ब्रेनिनसारखं पहिलं व्हायोलिन आज कुणी वाजवत नाही. परीक्षेला बसलीस आणि तसे घसरते सूर लावलेस तर परीक्षक भुवया उंचावतील. पण क्वार्टेटमध्ये लोकांचं लक्ष सगळ्यात शेवटी जातं त्या खुर्चीत मी गेली बत्तीस वर्षं बसतो आहे. मी व्हायोला वाजवतो. त्या खुर्चीतून अमॅडियस वेगळं ऐकू येतं. तू पहिलं व्हायोलिन ऐकलंस. मी मधले दोघे ऐकत आलोय.

सुरुवात व्हिएन्नापासून करावी लागेल. तिथे आर्नोल्ड रोझे नावाचे व्हायोलिनवादक होते, ऑपेराच्या ऑर्केस्ट्राचे लीडर आणि संगीतकार मालरचे मेहुणे. त्यांनी १८८२ मध्ये स्वतःचं क्वार्टेट उभं केलं आणि ते अर्धशतकाहून जास्त चालवलं. संगीतकार शोनबर्गची पहिली दोन क्वार्टेट (अशा चौघांसाठीच्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात) त्यांनीच पहिल्यांदा वाजवली. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा रोझे पंचाहत्तरीला टेकले होते. ज्यू म्हणून एका फटक्यात सगळं गेलं. ते लंडनला आले आणि १९४६ मध्ये तिथेच वारले. त्यांची मुलगी आल्मा ऑशविट्झच्या छावणीत कैदी बायकांचा ऑर्केस्ट्रा चालवत होती. ती १९४४ मध्ये तिथेच गेली.

क्वार्टेट वाजवण्याची व्हिएन्नाची रीत अशी मुळापासून उपटली गेली. ती पुन्हा कुठे रुजली, तर ब्रिटिशांच्या तारेच्या कुंपणाआड.

ब्रेनिन (जन्म १९२३) व्हिएन्नाचा. पेटर शिडलोफ (१९२२) व्हिएन्नाजवळच्या एका गावचा. सिगमुंड निसेल (१९२२) जन्माने म्युनिकचा, पण व्हिएन्नात वाढलेला. तिघेही ज्यू, तिघेही पोरसवदा वयात इंग्लंडला पळून आलेले. १९४० मध्ये फ्रान्स पडलं आणि ब्रिटिश सरकारने जर्मन-ऑस्ट्रियन दिसेल त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून उचललं. हिटलरपासून पळून आलेलेही त्यात सापडले. ब्रेनिन आणि शिडलोफ यांची गाठ श्रॉपशरमधल्या प्रीज हीथच्या छावणीत पडली. शिडलोफला तिथून आइल ऑफ मॅन बेटावरच्या ऑंकनच्या छावणीत हलवलं, तिथे त्याला निसेल भेटला. कोंडलेल्यांमध्ये प्राध्यापक, चित्रकार, वादक इतके होते की व्याख्यानं आणि मैफली रोजच्याच. पोटात अन्न बेताचं आणि पुढे काय होणार हे ठाऊक नाही, पण वाजवायला वेळच वेळ. संगीतकारांना सोडवण्यासाठी इंग्लिश संगीतकार व्हॉन विल्यम्स यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती झाली होती, हेही त्या सरकारच्या पदरात टाकायला हवं.

इथे थोडं मुंबईकडे वळतो, कारण ही वाट आपल्या दारावरूनही गेली आहे. वॉल्टर कॉफमन हा प्रागमध्ये शिकलेला ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईला आला आणि आल्या आल्या त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. विलिंग्डन जिमखान्यावर त्यांच्या मैफली होत आणि व्हायोलिनला असत मेहली मेहता, म्हणजे झुबिन यांचे वडील. आकाशवाणीची सकाळची ती ओळखधून कॉफमनचीच मानली जाते. आपल्या आजीआजोबांचा दिवस ज्या सुरांनी उजाडायचा ते एका निर्वासिताचे, हे फार थोड्यांना माहीत असतं. मेहली पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये दुसरं व्हायोलिन वाजवायला बसले. दुसरं व्हायोलिन. हा शब्द लक्षात ठेव, त्याकडे परत येणार आहे.

सुटल्यावर तिघांनाही माक्स रोस्टाल यांनी लंडनमध्ये शिकवलं, तेही फी न घेता. रोस्टाल स्वतः निर्वासित. ते शिकले होते व्हिएन्नात रोझेंकडे आणि बर्लिनमध्ये कार्ल फ्लेशकडे. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर घराणं एकच. रोझे, रोस्टाल, आणि मग ही तीन पोरं. बो, म्हणजे गज, कसा धरायचा, तारेवर कुठे टेकवायचा, सूर कुठून भरायचा, वाक्य कुठे सोडायचं, हे तिघांच्या हातात एकाच गुरूकडून आलेलं. आपल्याकडे एका गुरूचे दोन शिष्य जुगलबंदीला बसले की न ठरवताही ताना एकमेकींत कशा अडकतात, ते आठव. अमॅडियसचा आवाज एकजीव वाटतो, त्याचं निम्मं कारण इथे आहे.

पण एका अडचणीवर अजून कुणी तोडगा काढला नव्हता. तिघेही व्हायोलिनवाले! क्वार्टेटला दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो लागतो. कुणीतरी मागे सरकायला हवं होतं. शिडलोफ सरकला.

ही गोष्ट पुस्तकांत एका ओळीत उरकलेली असते, म्हणून इथे जरा थांबतो. मी स्वतः सतराव्या वर्षी हेच केलंय, फार खळखळ करून. दादरला एका गोवेकर सरांकडे व्हायोलिन शिकत होतो. सरांची हयात सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गेलेली. एक दिवस त्यांनी व्हायोला हातात दिला आणि म्हणाले, व्हायोलिनवाले ढीगभर मिळतात, हा वाजवणारा मिळत नाही. मी घरी येऊन रडलो होतो. व्हायोला म्हणजे मोठं व्हायोलिन, असं लोकांना वाटतं. तो पाच सूर खाली लागतो, तारा जाड, बोटांमधलं अंतर जास्त. व्हायोलिनची तार बो टेकताच बोलते, व्हायोलाला आर्जवं करावी लागतात. ताल तोच धरायचा तर आवाज काढायला तुम्हाला केसभर आधी निघावं लागतं. शिवाय नोटेशनची चावी वेगळी, म्हणजे लहानपणापासून वाचत आलेल्या ओळी अचानक खोट्या ठरतात.

शिडलोफने हे सगळं केलं, आणि व्हायोलिनवाल्याचा हात मात्र टाकला नाही. म्हणून त्याचा व्हायोला कधी घोगरा, मागे पडलेला वाटत नाही. तो ब्रेनिनला प्रश्न विचारतो आणि ब्रेनिनच्याच भाषेत विचारतो. चांगलं पहिलं व्हायोलिन पुष्कळ क्वार्टेटना मिळालं. असा व्हायोला त्या काळात फार थोड्यांकडे होता.

चौथा, मार्टिन लव्हेट, लंडनचा, १९२७ चा, सगळ्यांत लहान. चेलो शिकला रॉयल कॉलेजमध्ये. त्याची पुढे बायको झालेली सुझान रोझा ही रोस्टाल यांचीच विद्यार्थिनी, तिच्यामुळे तो या टोळीत आला. मला नेहमी वाटतं, हा एक बाहेरचा असणं फार बरं झालं. तीन व्हिएन्नावाले एकमेकांच्या लाडिक लयीत वाहून जायला लागले की खालचा चेलो त्यांना जमिनीवर आणतो. वॉल्ट्झच्या चालीतली दुसरी मात्रा ओढायची व्हिएन्नाची सवय असते. लव्हेट ती ओढू देतो, पण पहिली मात्रा जागच्या जागी ठेवतो.

१९४७ च्या उन्हाळ्यात ते इंग्लंडमधल्या डार्टिंग्टनला ‘ब्रेनिन क्वार्टेट’ म्हणून वाजले. तिथे संगीत शिकवणाऱ्या इमोजन होल्स्ट, संगीतकार गुस्ताव होल्स्टची मुलगी, ऐकून इतक्या हरखल्या की लंडनच्या पहिल्या मोठ्या मैफलीसाठी त्यांनी १०० पौंड पदरचे घातले. १० जानेवारी १९४८, विगमोर हॉल. तोवर नाव बदलून मोझार्टच्या मधल्या नावावरून ‘अमॅडियस’ झालं होतं. ही कल्पना निसेलची. पुढे इंग्लिश चाहते त्यांना लाडाने ‘वुल्फ गँग’ म्हणत. मोझार्टच्या ‘वोल्फगांग’वरचा हा शब्दखेळ इंग्रजीतच शोभतो.

यानंतरची यशाची हकिगत मी भराभर सांगतो, तिच्यात नाट्य कमी आहे. बीबीसी, युरोपभर दौरे, अमेरिका, जपान. जर्मनीतल्या डॉइच ग्रामोफोन कंपनीसाठी ढीगभर रेकॉर्डिंग, त्यात १९५९ ते ६३ दरम्यान बेथोव्हनची सगळी क्वार्टेट. ज्या देशामुळे घरदार सुटलं त्याच देशाच्या कंपनीच्या पिवळ्या लेबलवर या चौघांचं नाव घरोघरी गेलं. याबद्दल ते काय बोलले यापेक्षा ते जाऊन वाजले, हे मला पुरेसं वाटतं.

आता तुझ्या तक्रारीकडे. थरथर. ती आहे, आणि ती हौसेची नाही. रोझेंच्या पिढीत सूर बराच सपाट ठेवत, कंप दागिन्यासारखा मोजका. फ्लेशच्या पिढीपासून डावा हात सतत हलता झाला आणि आवाजाला ऊब देण्याचं काम कंपाकडे आलं. अमॅडियस हे त्या वळणाचं क्वार्टेट आहे. पण एक प्रयोग करून बघ. हेडफोन लाव आणि पहिलं व्हायोलिन सोडून दे. फक्त निसेल आणि शिडलोफ यांच्यावर कान ठेव. ब्रेनिन जिथे मोठ्या कंपाने गातो, तिथे हे दोघं आपला कंप आखडता घेतात. घेतला नाही तर स्वरसंगती गढूळ होईल, हे त्यांना माहीत आहे. विशेषतः गंधार. पियानोवरचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो, सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा साधारण सातवा हिस्सा. क्वार्टेटला पियानोची सक्ती नसते, त्यामुळे संगतीतला गंधार ज्याच्या वाट्याला येतो त्याने तो थोडा उतरवायचा, म्हणजे चौघांचा आवाज एकदम स्थिरावतो. तुझ्या घरी तानपुरा असेल तर खर्जाची तार छेड आणि षड्जाच्या पोटातून जो गंधार आपोआप उमटतो तो ऐक. तोच तो. आणि क्वार्टेटमध्ये हा गंधार बहुतेक वेळा कुणाकडे येतो? दुसऱ्या व्हायोलिनकडे, नाहीतर व्हायोलाकडे.

म्हणून ‘दुसरं’ या शब्दाने फसू नकोस. दुसरं व्हायोलिन वाजवणारा निसेल स्वभावाने व्यवस्थेशीर. क्वार्टेटचा पत्रव्यवहार आणि हिशेबही तोच बघायचा. वाजवण्यातही तसाच. ब्रेनिन एकाच रचनेत दोन दिवस सारखा वाजत नसे. सुचलं की लय सोडे, श्वास लांबवे. अशा माणसाच्या शेजारी बसून, नजर न चुकवता, तो पडेल तिथे सतरंजी अंथरायची, हे निसेलचं काम. तू ज्याला कुरघोडी म्हणतेस ती कुरघोडी नाही, परवानगी आहे. तिघांनी दिलेली.

टिकले कसे? खरं सांगू, याचं चोख उत्तर कुणाकडे नाही. माझं स्वतःचं पहिलं क्वार्टेट चार वर्षांत मोडलं, आणि मोडलं ते हायडनच्या एका मिन्युएटच्या लयीवरून. अर्थात लय हे निमित्त. खरं कारण कोण कुणाला फोन करतो आणि मानधनाची पाकिटं कुणाच्या खिशात जातात, हे होतं. क्वार्टेट म्हणजे चार बायकोनवऱ्यांचा संसार, त्यात घटस्फोटाला वकीलही लागत नाही. अमॅडियसचे चौघेही भांडत, तालमीत आवाज चढत. पण छावणीत ओळख झालेल्या माणसांच्या भांडणाला एक तळ असतो, असं मला वाटतं. त्याच्या खाली ते जात नाही.

बाकीच्यांची गोष्ट पाहा. बुडापेस्ट क्वार्टेट १९१७ मध्ये बुडापेस्टच्या ऑपेरातल्या वादकांनी सुरू केलं आणि १९३६ नंतर त्यात एकही हंगेरियन नव्हता, चौघेही रशियन साम्राज्यात जन्मलेले. न्यूयॉर्कचं जुलियार्ड क्वार्टेट १९४६ पासून माणसं बदलत चालत आलं. ग्वार्नेरी क्वार्टेटने १९६४ पासून तेच चौघं टिकवले, पण २००१ मध्ये तिथेही चेलोवादक निवृत्त झाला आणि त्याचा शिष्य त्या जागी आला. यात चूक काही नाही, संस्था अशाच टिकतात. अमॅडियसने मात्र संस्था व्हायचं नाकारलं.

त्यांच्या उण्या बाजूही सांगायला हव्यात. हायडन, मोझार्ट, बेथोव्हन, शूबर्ट, ब्राम्स. या पंचक्रोशीबाहेर ते फारसे गेले नाहीत. ज्या शोनबर्गला रोझेंनी शिट्ट्या-आरडाओरडा सहन करून वाजवलं, त्याच्या वाटेला त्यांच्याच घराण्याचे हे नातू गेले नाहीत. हे मला खुपतं. व्हिएन्ना हरवलेल्या माणसांना हरवण्याआधीचं व्हिएन्ना हवं होतं, अशी माझी समजूत आहे. पण त्यामुळे विसाव्या शतकाचं बरंचसं काम लासालसारख्या दुसऱ्या क्वार्टेटनी केलं, हे खरंच.

एक अपवाद मात्र असा आहे की त्याच्यासाठी सगळं माफ करावं. बेंजामिन ब्रिटन या इंग्लिश संगीतकाराचं तिसरं क्वार्टेट. १९७५ च्या शेवटी, हृदयाच्या ऑपरेशननंतर खचलेल्या ब्रिटनने ते अमॅडियससाठी लिहिलं. शेवटचा भाग व्हेनिसमध्ये पुरा केला. अर्पण केलं हान्स केलर या समीक्षकाला. तोही व्हिएन्नाचा, तोही १९४० मध्ये आइल ऑफ मॅनवर कोंडलेला. सगळे धागे फिरून त्याच बेटावर येतात.

पहिल्या भागाचं नावच ‘द्वंद्वं’. चार वादकांच्या सहा जोड्या होतात, आणि ब्रिटन त्या सगळ्या जोड्या लावून बघतो. चाळीस वर्षांच्या संसारात कोण कोणाशी कसं बोलतं, याची जणू यादीच. तिसऱ्या भागात पहिलं व्हायोलिन एकटंच उंचावर गातं आणि बाकीचे एकेक करून त्याला साथ देतात. ब्रेनिनचं हे नेमकं चित्र आहे. चौथ्यात व्हायोलाला तारा पेलणाऱ्या घोडीच्या पलीकडे, जिथे कुणी बो लावत नाही त्या तुकड्यावर वाजवायला लावलंय, आणि किरकिरता, शिट्टीसारखा आवाज निघतो. आम्ही पहिल्यांदा तालीम केली तेव्हा माझ्या पलीकडे बसलेला चेलोवाला हसून हसून थांबेना. आणि मग शेवटचा भाग: खाली तेच तेच चालणं परत परत येतं, आपल्या तबल्याच्या लेहऱ्यासारखं, आणि वर बाकीचे हळूहळू त्यावर बांधत जातात. शेवटच्या संगतीत वरचे तिघे थांबतात आणि चेलोचा एकच खोल सूर मागे राहतो. समेवर आलो की नाही, कळत नाही.

सप्टेंबर १९७६ मध्ये चौघांनी ऑल्डबराला ब्रिटनच्या घरी जाऊन त्याला ते वाजवून दाखवलं. ४ डिसेंबरला तो गेला. १९ डिसेंबरला स्नेप मॉल्टिंग्जमध्ये, जुन्या माल्टच्या गोदामाचा हॉल केलाय तिथे, अमॅडियसने ते पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं.

१९८७ च्या ऑगस्टमध्ये शिडलोफ अचानक हृदयविकाराने गेला. त्या वेळी जगात उत्तम व्हायोलावाले कमी नव्हते, आणि मैफलींची मागणीही होती. उरलेल्या तिघांनी दुसरा व्हायोला शोधला नाही, अमॅडियस त्याच दिवशी संपलं. पहिलं व्हायोलिन गेलं म्हणून क्वार्टेट बंद पडल्याच्या गोष्टी आहेत. मधला माणूस गेला म्हणून इतक्या नावाजलेल्या क्वार्टेटने दुकान कायमचं बंद केलं, याचं माझ्यासारख्याला किती अप्रूप असेल, तूच समज. शिडलोफचं वाद्यसुद्धा दुर्मीळ, स्ट्रादिव्हारीचा १७१९ चा ‘मॅकडोनल्ड’ व्हायोला. स्ट्रादिव्हारीचे व्हायोले जगात दहा-बाराच उरलेत. २०१४ मध्ये तो विक्रीला काढला तेव्हा मागणी साडेचार कोटी डॉलरची होती. कुणी घेतला नाही.

तिघे मग शिकवत राहिले. कोलोनमध्ये ते सत्तरच्या दशकापासून शिकवत होतेच, लंडनच्या रॉयल अकॅडमीतही शिकवलं. तुमचे शिक्षक त्यांचं नाव घेतात ते बरेचदा या वाटेने आलेलं असतं: कुणीतरी त्यांच्या वर्गात बसलेल्या कुणाकडे तरी शिकलेलं. ब्रेनिन २००५ मध्ये गेला, निसेल २००८ मध्ये. शेवटचा लव्हेट २०२० मध्ये.

आता ऐकायचं काय. बेथोव्हनपासून सुरुवात करू नकोस. मोझार्टचं जी मायनर क्विंटेट, म्हणजे पाच वादकांची रचना, घे; दुसऱ्या व्हायोलाला सेसिल अरोनोविट्झ आहे. ब्राम्सचं पियानो क्वार्टेट एमिल गिलेल्सबरोबरचं घे. तिथे एवढ्या दांडग्या पियानोसमोरही शिडलोफ दबत नाही, ते ऐकण्यासारखं आहे. आणि मग शूबर्टचं सी मेजर क्विंटेट, दुसऱ्या चेलोला विल्यम प्लीथ असलेलं. त्याचा दुसरा, संथ भाग लाव. त्यात सुरुवातीला खालचा चेलो नुसत्या तारा छेडतो आणि पहिलं व्हायोलिन मध्येच दोन-तीन सुरांचे तुटक उद्गार टाकतं. धून मधल्या तिघांकडे आहे: दुसरं व्हायोलिन, व्हायोला आणि पहिला चेलो. ती इतकी संथ चालते की बो संपेल अशी भीती वाटते. दिवे मालव, आणि कान त्या तिघांवर ठेव.